‘स्टॉप’ दाबलं, तरी मशीन थांबली नाही: पल्स नेमका कुठे बंद करायचा?



या वेळच्या व्हिडिओत आपण बोर्ड, बटण आणि मोटर टेबलावर मांडून प्रात्यक्षिक केलं. हा लेख म्हणजे त्या व्हिडिओची लेखी जोड. जोडणी आणि कोड व्हिडिओत दिसतो, त्यामागचा विचार इथे सावकाश वाचा. शक्य असेल तर आपली मशीन समोर ठेवा आणि एकेक मुद्दा तपासत जा.

विषय ऐकायला अगदी साधा आहे: बटण दाबलं की मोटरकडे जाणारा पल्स थांबला पाहिजे. पण याच साध्या गोष्टीवर आपल्या एका विद्यार्थ्याची पहिली ऑर्डर अडकली होती. पैसे तर अडकलेच, पण एका काकूंचं बोटही थोडक्यात वाचलं.

दासगावात काय झालं

मुंबईहून येताना महाडच्या थोडं अलीकडे, महामार्गालगत, सावित्रीच्या काठी दासगाव लागतं. तिथल्या बायकांच्या एका बचत गटासाठी आपल्या विद्यार्थ्याने पापड पॅकिंगची छोटी मशीन बनवली. रचना सोपी होती. एका बाजूला प्लास्टिकचा रोल, दोन रबरी रोलर तो पुढे ओढतात, मग गरम पट्टी सील करते आणि पातं कापतं. रोलर फिरवायला स्टेपर मोटर आणि तिला चालवायला आर्डुइनो उनो बोर्ड. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, कोड त्याने स्वतः लिहिलेला. निम्मी रक्कम ॲडव्हान्स मिळाली होती, उरलेली मशीन चालवून दाखवल्यावर मिळायची होती.

मशीन चालली, आणि छान चालली. दहा-बारा पाकिटं झाल्यावर रोल तिरका जायला लागला. गटातल्या एका काकूंनी तो सरळ करायला हात पुढे केला. पोरगा सावध होता, त्याने लगेच लाल बटण दाबलं. रोलर फिरतच राहिले. पुन्हा दाबलं, तरी फिरतच. शेवटी धावत जाऊन त्याने भिंतीवरचा स्विच बंद केला. तोपर्यंत काकूंच्या हातमोज्याचं टोक रोलरमध्ये गेलं होतं. हातमोजा फाटला, बोट वाचलं.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अरे बाळा, चालू तर छान होते तुझी मशीन. बंद कशी होते, ते आधी शिकव आम्हाला.”

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “सर, बटण खराब निघालं. नवीन टाकतो आणि उद्या परत जातो.”

मी विचारलं, “बटण मीटरवर तपासलंस?” तपासलं नव्हतं. तपासल्यावर कळलं की बटण ठणठणीत आहे. मग चूक कुठे होती?

पल्स नेमका कोण तयार करतो?

स्टेपर मोटर पल्सवर चालते. ड्रायव्हरला एक पल्स मिळाला की मोटर एक पाऊल पुढे जाते. नेहमीच्या १.८ अंशांच्या मोटरला एका फेरीसाठी २०० पावलं लागतात. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेपची सेटिंग केली की एका फेरीला १,६०० पल्स लागतात.

हे पल्स दोन प्रकारे तयार करता येतात. एक म्हणजे प्रोग्रामनेच पिन वर-खाली करत राहायची. यात प्रोग्राम दुसऱ्या कामाला लागला की मोटर अडखळते. म्हणून अनेक जण दुसरा मार्ग घेतात: पल्सचं काम चिपमधल्या हार्डवेअर टायमरला देतात. उनोवरच्या ॲटमेगा ३२८पी चिपमध्ये असे तीन टायमर आहेत. आपल्या विद्यार्थ्याने टायमर १ वापरला होता. त्याचा पल्स ९ नंबरच्या पिनवर थेट मिळतो. १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ८ ने भागलं, टॉगल मोड लावला आणि तुलनेच्या रजिस्टरमध्ये ९९९ लिहिलं, की बरोबर सेकंदाला १,००० पल्स मिळतात. मोटर एकदम गुळगुळीत फिरते.

पण याची दुसरी बाजू बघा. समजा, तुम्ही कामगाराला सांगितलंत, “मी थांब म्हणेपर्यंत ठोकत राहा,” आणि तुम्ही बाजारात गेलात. तो ठोकतच राहणार. तुम्ही तिकडे चक्कर येऊन पडलात तरी तो ठोकतच राहणार. इथे प्रोग्राम म्हणजे मालक आणि हार्डवेअर टायमर म्हणजे तो कामगार. प्रोग्राम डिस्प्लेवर आकडे लिहीत असो, तापमान मोजत असो किंवा पूर्ण अडकलेला असो, पिनवर पल्स येतच राहतात. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका.

पहिली चूक: बटण विचारायला वेळच नाही

विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये एका चक्रात तापमान वाचणं, डिस्प्ले बदलणं, मग २ सेकंद थांबणं आणि शेवटी एकदा बटण बघणं असा क्रम होता. म्हणजे बटण दाबलं आहे का, हा प्रश्न प्रोग्राम दोन सेकंदांतून एकदाच विचारायचा, आणि तोही क्षणभर.

आता घाबरलेला माणूस काय करतो? तो बटण दाबून धरत नाही, टकटक मारतो. प्रोग्राम बघायला येतो तेव्हा बटण सुटलेलं असतं. त्याच्या लेखी बटण कधी दाबलंच गेलं नाही.

जरा हिशोब करू. सेकंदाला १,००० पल्स भागिले १,६०० म्हणजे सेकंदाला ०.६२५ फेरी. रोलरचा व्यास ३० मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण ९४ मिलिमीटर. म्हणजे रोलर सेकंदाला जवळजवळ ६ सेंटिमीटर ओढतो आणि दोन सेकंदांत १२ सेंटिमीटर. आपलं सगळ्यात लांब बोटही एवढं लांब नसतं. “दोनच सेकंदांचा उशीर आहे, सर,” असं कुणी म्हणालं, तर त्याला हा हिशोब दाखवा.

यावर उपाय इंटरप्टचा. २ नंबरच्या पिनवर बटण जोडून इंटरप्ट लावला, की हातातलं काम बाजूला ठेवून चिप आधी बटणाकडे बघते. हे मायक्रोसेकंदांत होतं. प्रोग्राम साध्या प्रतीक्षेत असला तरी होतं.

दुसरी चूक: ‘लो’ लिहिलं, पण पल्स चालूच

विद्यार्थ्याने इंटरप्ट लावला आणि त्यात ९ नंबरच्या पिनला ‘डिजिटल राइट’ने ‘लो’ केलं. मोटर तरीही फिरत राहिली! इथे भले भले गोंधळतात, म्हणून नीट समजून घ्या.

‘ॲनालॉग राइट’ने सुरू केलेला पल्स ‘डिजिटल राइट’ने बंद होतो, कारण ती आज्ञा पिन आणि टायमर यांचं नातं आधी तोडते. पण हे नातं दोन बिटांनी जोडलेलं असतं आणि ‘डिजिटल राइट’ त्यातला एकच बिट पुसते. तुम्ही स्वतः रजिस्टर लिहून टॉगल मोड लावला असेल, तर नातं दुसऱ्या बिटावर टिकून असतं. मग तुमच्या ‘लो’कडे कुणी बघतच नाही, पिन टायमरच्याच ताब्यात राहते.

दुसरा फसवा मार्ग म्हणजे फक्त टायमरचं क्लॉक बंद करणं. पल्स थांबतो खरा, पण पिन त्या क्षणी जिथे असेल तिथेच गोठते. ‘हाय’वर असेल तर ‘हाय’च राहते. स्टेपरला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण तिला बदल हवा असतो. पण हाच प्रोग्राम उद्या तुम्ही डीसी मोटर किंवा हीटरला लावलात आणि पिन ‘हाय’वर गोठली, तर मोटर थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने पळेल.

म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा:

१. आधी पिनचं स्वतःचं मूल्य ‘लो’ करून ठेवा.
२. मग पिन आणि टायमर यांना जोडणारे दोन्ही बिट पुसा. आता पिन आपल्या मूल्यावर, म्हणजे ‘लो’वर येते.
३. शेवटी टायमरचं क्लॉक बंद करा.
४. ‘थांबलेलो आहे’ अशी खूण एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ती फक्त ‘स्टार्ट’ बटणानेच पुसली जाईल असं बघा.

तिसरी चूक: एकाच बटणाने चालू आणि बंद

पैसे वाचवायला विद्यार्थ्याने एकच बटण ठेवलं होतं. एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. टेबल लॅम्पला हे चालतं, मशीनला नाही.

बटणाचे धातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात. चिप इतकी वेगवान असते, की तिला ही थरथर चार-पाच वेगळे दाब वाटतात: बंद, चालू, बंद, चालू. शेवटी काय उरेल ते नशिबावर.

‘स्टॉप’ वेगळं ठेवलं की हा प्रश्नच उरत नाही. पाच वेळा ‘थांब’ म्हटलं तरी अर्थ एकच. थरथर गाळण्याची, म्हणजे २० ते ५० मिलिसेकंद वाट बघून खात्री करण्याची युक्ती फक्त ‘स्टार्ट’ला लावा. थांबताना खात्री करत बसू नका. चुकून थांबली तर एक पाकीट वाया जाईल, चुकून चालू झाली तर बोट जाईल.

चौथी चूक: तुटलेली वायर गप्प बसते

आपण सगळे पहिल्यांदा बटण कसं जोडतो? दाबलं की जोडणी होते, म्हणजे नॉर्मली ओपन. आता उंदराने वायर कुरतडली किंवा झाडताना ओढली गेली, तर? मशीन चालत राहते आणि बटण मेलेलं आहे हे कुणालाच कळत नाही. कळतं ते थेट गरजेच्या क्षणी.

‘स्टॉप’साठी नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट घ्या. त्याची एक बाजू ग्राउंडला, दुसरी पिनला, आणि पिनवर पुल-अप. सगळं ठीक असताना पिन ‘लो’ असते. बटण दाबलं, वायर तुटली किंवा स्क्रू सैल झाला, की पिन ‘हाय’ होते आणि मशीन थांबते. बिघाड आपला आपण ओरडून सांगतो. चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे बराच कमजोर असतो. बटणाची वायर मोटरच्या वायरशेजारून जात असेल, तर बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि दोन्ही वायरी वेगळ्या अंतरावर ठेवा.

लाइट गेली, आली, आणि रोलर फिरले

हे सगळं करून विद्यार्थी परत दासगावला गेला. बटण एकदम चोख चालत होतं. तेवढ्यात लाइट गेली. आपल्या महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यात हे काही नवीन नाही. अडकलेलं प्लास्टिक काढायला तो रोलरपाशी वाकला. लाइट आली, बोर्ड नव्याने सुरू झाला, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीलाच टायमर चालू करायची आज्ञा लिहिलेली होती. रोलर फिरायला लागले.

“सर, कुणी काही दाबलंच नव्हतं,” तो म्हणाला.

तेच तर! लाइट येणं म्हणजे ‘चालू कर’ असा हुकूम नव्हे. बोर्ड जागा झाला की त्याने फक्त तयार राहावं. टायमर ‘स्टार्ट’ दाबल्यावरच चालू व्हावा.

मी त्याला म्हटलं, गावातल्या भातगिरणीत जा आणि भिंतीवरचा स्टार्टर बघून ये. हिरवं बटण, लाल बटण. आपण लहानपणापासून हा डबा बघतो, पण त्याच्या आत काय आहे हे कधी बघत नाही. लाल बटण नॉर्मली क्लोज्ड असतं आणि कॉइलच्या वाटेवर सरळ रांगेत बसतं. हिरवं दाबलं की कॉइल ओढते, मोटर सुरू होते आणि सोबतचा एक छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जुळतो. बोट काढलं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाल दाबलं, वायर तुटली किंवा लाइट गेली, की कॉइल सुटते. लाइट परत आली तरी ती आपोआप ओढत नाही. कुणीतरी येऊन हिरवं दाबावं लागतं.

यात ना प्रोग्राम आहे, ना चिप. वरच्या चारही चुकांची उत्तरं त्या डब्यात आधीपासून आहेत.

शेतीपंपाला आपण ऑटो स्विच लावतो, रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. विहिरीवर त्या वेळी कुणाचा हात पंपात नसतो, म्हणून तिथे ते खपून जातं. जिथे माणूस हाताने काम करतो, त्या मशीनवर ही युक्ती कधीही नको.

मग शेवटी कोणता मार्ग घ्यायचा?

दोन्ही. रोजचं थांबवणं प्रोग्राममधून करा: इंटरप्ट, दोन्ही बिट, वेगळी बटणं. संकटातलं थांबवणं प्रोग्रामच्या बाहेर ठेवा. कारण इंटरप्ट कितीही चांगला असला, तरी तो चिप शुद्धीवर आहे या भरवशावर चालतो.

• मशरूमच्या आकाराचं लाल बटण, मागे पिवळा रंग, दाबलं की दाबलेलंच राहणारं. आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगतं: लाल बटण, पिवळी पार्श्वभूमी, आणि बटण मोकळं केल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये.
• हे बटण गिरणीसारख्या स्वतःला धरून ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये जोडा. कॉन्टॅक्टरने मोटर ड्रायव्हरचा पॉवर सप्लाय तोडावा. बोर्डाचा ५ व्होल्टचा सप्लाय वेगळा ठेवलात, तर डिस्प्लेवर ‘इमर्जन्सी स्टॉप’ दाखवता येतं.
• कॉन्टॅक्टरचा एक जादा कॉन्टॅक्ट बोर्डालाही कळवा, म्हणजे बोर्ड पल्सही बंद करेल. नाहीतर पॉवर परत येताच आधीपासून वाहणारे पल्स मोटरला झटका देतील.
• ड्रायव्हर आणि मोटर यांच्यामधली वायर चालू असताना तोडू नका, ड्रायव्हर जळू शकतो.
• फक्त ड्रायव्हरच्या ‘एनेबल’ पिनवर विसंबू नका. बाजारातल्या बहुतेक ड्रायव्हरांत ती वायर निघाली तर मोटर बंद होत नाही, चालूच राहते.
• पॉवर गेली की स्टेपरची पकडही जाते. मोटरने वजन वर उचलून धरलं असेल तर ते खाली येईल. तिथे वेगळा ब्रेक लागतो. तसंच थांबल्यावर सीलची गरम पट्टी उघडली पाहिजे, हात आत धरून मिटता कामा नये.

२३० व्होल्टचं सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि २०२१ च्या जुलैत महाडमध्ये शिरलेलं पाणी आठवा. पॅनेल जमिनीलगत लावू नका, छातीच्या उंचीवर लावा. पाणी किंवा ओल लागलेली मशीन पुन्हा वापरायची असेल, तर वाळवून, तपासून, पहिली चाचणी ‘स्टॉप’ची घ्या.

हे फक्त इंजिनिअरिंग नाही, धंदाही आहे

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येच लिहिलेलं होतं, की संकटाच्या वेळी चालू यंत्राची शक्ती तोडण्यासाठी प्रत्येक कामाच्या खोलीत योग्य साधन असलं पाहिजे. म्हणजे ही काही नवी फॅशन नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचं घरगुती युनिट कारखान्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, बोट तेच असतं.

धंद्याच्या बाजूने बघा. मशरूम बटण आणि छोटा कॉन्टॅक्टर यांचा खर्च मशीनच्या किमतीत किरकोळ असतो. तो कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा: ‘इमर्जन्सी स्टॉप व्यवस्था’. गिऱ्हाईक घासाघीस करेल, तेव्हा रंग कमी करा, स्टिकर कमी करा, ही ओळ कमी करू नका. “ते बटण काढून टाका, स्वस्तात द्या,” असं कुणी म्हणालं, तर ती ऑर्डर सोडायची तयारी ठेवा.

मशीन देण्याआधी या पाच चाचण्या घ्या आणि गिऱ्हाइकासमोर कागदावर टिक करा:

१. पूर्ण वेगात असताना ‘स्टॉप’ला एकदाच हलका टिचका मारा. थांबली? थांबेपर्यंत रोल किती सरकला, ते पट्टीने मोजून लिहा.
२. पॉवर बंद करून ‘स्टॉप’ची एक वायर सोडवा, मग पॉवर द्या. ‘स्टार्ट’ दाबल्यावर मशीन सुरू होता कामा नये.
३. चालू असताना मेन स्विच बंद करून परत चालू करा. रोलर हलता कामा नये.
४. मशरूम बटण दाबा, फिरवून मोकळं करा. मोकळं केल्यावरही मशीन शांत राहिली पाहिजे.
५. प्रोग्राम मुद्दाम अनंत चक्रात अडकवा आणि मशरूम बटण दाबा. थांबलीच पाहिजे. ही चाचणी तुमच्या वर्कशॉपमध्येच करा.

यातली एकही नापास झाली, तर मशीन गाडीत चढवू नका. उरलेले पैसे आठवडाभर उशिरा मिळाले तरी चालतील.

दासगावची ऑर्डर पूर्ण झाली. या वेळी विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक उलट्या क्रमाने केलं. मशीन चालू करून पाकीट दाखवण्याआधी, गटातल्या प्रत्येकीला पुढे बोलावून त्याने एकदा तरी लाल बटण दाबायला लावलं. त्या काकूंनी दोनदा दाबलं. मग म्हणाल्या, “आता दाखव, चालते कशी.”

तुमच्या पुढच्या डेमोची सुरुवातही अशीच करा. आणि आज रात्री झोपण्याआधी आपल्या मशीनवर निदान पहिली आणि तिसरी चाचणी घेऊन बघा. पाच मिनिटं लागतात.

पुढच्या भागात याच मशीनचा कॉन्टॅक्टर आणि पॅनेल आपण टेबलावर उघडून बघू. तोपर्यंत सांभाळून काम करा. शुभेच्छा!